तांबूस ग्लासाची बाजू

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला एकदा जाऊन आलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. सप्टेंबर उजाडतो, अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या ब्रुअरीत मित्रमंडळी लाकडी बाकावर जागा धरतात आणि समोर तांब्याच्या रंगाची, वर दोन बोटं फेस असलेली बिअर येते. हा ग्लास उचलून उजेडाकडे धरतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘तिथे अशी नसते.’ मग तंबू केवढा, बॅंड कसा, दोन हातांत मिळून दहा-दहा मग उचलणाऱ्या बायका कशा, हे सगळं साग्रसंगीत ऐकावं लागतं. शेवटी निकाल येतो. खरी ऑक्टोबरफेस्ट बिअर सोनेरी असते, म्युनिकची असते. बाकी सगळी नक्कल, कॅरॅमल घालून केलेलं अमेरिकन दुकानदारीचं नाटक.

महाशय म्युनिकमध्ये प्याले ती बिअर सोनेरी होती, याबद्दल वाद नाही. आज तिथल्या तंबूंतून लिटरच्या मगात जी मिळते ती सोनेरीच असते. भांडण आहे ते ‘खरी’ या शब्दाशी.

ती सोनेरी बिअर, म्हणजे जाणकार जिला फेस्टबिअर म्हणतात ती, पाउलानर ब्रुअरीने 1970 च्या दशकाच्या मध्यावर आणली. कारण अगदी व्यवहारी होतं. जुनी तांबूस बिअर पोटाला जड. एक मग झाला की माणूस सुस्तावायचा. अंगाने हलकी, रंगाने फिकी, पण अल्कोहोल तितकंच, सहा टक्क्यांच्या आसपास, अशी बिअर केली तर गिऱ्हाईक दुसरा मग मागवील आणि तिसराही. हिशेब बरोबर निघाला. 1990 पासून उत्सवातली बहुतेक बिअर याच जातीची आहे. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने तांबूस ग्लासाला नाकं मुरडली जातात, ती परंपरा ‘शोले’च्या वयाची आहे. महापौराने पिंपाला तोटी ठोकून ‘ओ’त्साफ्ट इस’ म्हणायचं, मग जत्रा सुरू, हा सोहळासुद्धा 1950 सालचा. टोमास विमर या महापौराने तो पहिल्यांदा केला. आपलं प्रजासत्ताक त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी थोरलं आहे.

उलट तांबूस बिअरचं घराणं जुनं. तिचं नाव मेर्त्सन, म्हणजे मार्चातली. 1553 मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने फर्मान काढलं की बिअर पाडायची ती 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल याच काळात. उन्हाळ्यातली बिअर नासायची, म्हणून ही बंदी. मग ब्रुअर मंडळी थंडी सरता सरता, मार्चमध्ये, नेहमीपेक्षा जरा कडक बिअर पाडून ठेवू लागली. पिंपं जमिनीखालच्या तळघरात, भोवती गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेला बर्फ, आणि तळघराच्या डोक्यावर ऊन पडू नये म्हणून लावलेली चेस्टनटची झाडं. त्याच झाडांखाली बाकं मांडून लोक पिऊ लागले आणि बिअर गार्डन जन्माला आली. उन्हाळाभर पुरवून पुरवून वापरलेली ही पिंपं शरदात, नव्या हंगामाच्या तोंडावर रिकामी करायची. सणाची बिअर ती हीच, असं मग कुणीही म्हणेल.

पण इथे तांबूस पक्षाच्या भक्तांनीही फार हुरळून जाऊ नये. मेर्त्सन हे नाव जुनं असलं, तरी आज आपण त्या नावाने ओळखतो तो तांब्याचा रंग अस्सल बव्हेरियन मातीतून उगवलेला नाही. तो चोरीचा आहे. चोरीही अगदी कादंबरीत शोभावी अशी.

1833 साली म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीचा वारस गाब्रिएल सेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर इंग्लंडात हिंडत होते. दोघेही विशी नुकती ओलांडलेले. ब्रिटिश ब्रुअऱ्या तेव्हा जगात सर्वांत पुढारलेल्या. पाहुणे म्हणून आत जायचं, यजमानाची स्तुती करायची आणि त्याची पाठ फिरली की हातातली काठी टाकीत बुडवायची. काठी आतून पोकळ होती, टोकाला झडप होती. रात्री मुक्कामावर तो नमुना काढून मोजमाप करायचं. धान्य थेट जाळावर न भाजता गरम हवेवर भाजलं की ते करपत नाही, फिकं आणि एकसारखं होतं, ही इंग्रजांची विद्याही त्यांनी तिथूनच उचलली. 1841 मध्ये ड्रेहरने व्हिएन्नाची तांबूस लागर आणली आणि सेडलमायरने त्याच वर्षी स्पाटेनची मेर्त्सन. पुढे 1872 मध्ये, फार उकाड्याच्या एका वर्षी, ऑक्टोबरफेस्टमधल्या शोटेनहामेलच्या मांडवातली नेहमीची बिअर संपली. गाब्रिएलचा भाऊ योझेफ याच्या ब्रुअरीत व्हिएन्ना पद्धतीने केलेली कडक मेर्त्सन तयार होती. ती महाग असूनही लोकांनी उचलून धरली. जत्रा 1810 च्या राजघराण्यातल्या लग्नापासूनची. म्हणजे पहिली 62 वर्षं तिला ही बिअर ठाऊकच नव्हती.

इंग्लंडची भट्टी, ऑस्ट्रियाचा रंग, म्युनिकचं तळघर. यीस्टचं घराणं तपासायला गेलं तर तिथेही तीच गत: लागरच्या यीस्टचा एक जंगली पूर्वज 2011 मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडला, आणि पुढे तिबेटातही. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या उपासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची आणि वरून पेरलेलं दाण्याचं कूट, चारही जिन्नस अमेरिका खंडातून आले आणि कुणाची एकादशी मोडली नाही. उसनं घेतलेलं पचलं की ते घरचंच होतं. मात्र स्वतः उसनं घेऊन पचवलेल्या घराच्या वतीने दुसऱ्याला ‘नक्कल’ म्हणायचं, हे काही पटत नाही.

आता जागेचा मुद्दा घेऊ. ‘म्युनिकची ती म्युनिकची’ हे वाक्य ऐकायला छान आहे. ऑक्टोबरफेस्टमध्ये बिअर विकण्याचा हक्क सहाच ब्रुअऱ्यांना: आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोवेनब्रॉय, पाउलानर आणि स्पाटेन. यांतल्या स्पाटेन आणि लोवेनब्रॉय या बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या मालकीच्या. पाउलानर आणि हाकर-प्शोर एकाच उद्योगसमूहात, आणि त्यात डच हायनेकेनची भागीदारी. होफब्रॉय सरकारी. खासगी आणि स्वतंत्र राहिली ती एकटी आउगुस्टिनर.

आणि हक्काचा निकष कोणता? शहराची हद्द. लुइटपोल्ड हा बव्हेरियाच्या जुन्या राजघराण्यातला राजपुत्र. ज्या लुडविगच्या लग्नानिमित्त 1810 मध्ये ही जत्रा भरली, त्याचाच हा थेट वंशज. त्याची ब्रुअरी काल्टेनबर्गला, म्युनिकपासून पन्नासेक किलोमीटरवर. त्याने आपली बिअर उत्सवात विकू द्या म्हणून अनेक वर्षं झगडून पाहिलं. उत्तर नाही असंच मिळालं. ज्याच्या पूर्वजाचं लग्न, त्याचीच बिअर मांडवाबाहेर! आयिंग गावची आयिंगर ही ब्रुअरीसुद्धा अशीच वेशीबाहेरची. तिची मेर्त्सन या जातीतल्या उत्तम बिअरांमध्ये धरली जाते, ती अजून तांबूस आहे आणि उत्सवाच्या मैदानावर तिला जागा नाही.

याच्या अगदी उलटं चित्र मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात दिसतं. फ्लोरियान कुप्लेंट हा बव्हेरियन माणूस मायदेशी एका छोट्या ब्रुअरीत हे काम शिकला, अमेरिकेत आल्यावर त्याने सेंट लुइसच्याच अवाढव्य अनहायझर-बुशमध्ये नोकरी केली आणि मग बाहेर पडून अर्बन चेस्टनट नावाची आपली ब्रुअरी उभी केली. नावातला चेस्टनट म्हणजे तळघरांवरचं तेच झाड. अनहायझर-बुश 2008 मध्ये इनबेव्हने विकत घेतली. म्हणजे कुप्लेंटच्या जुन्या मालकाची आणि म्युनिकच्या स्पाटेनची आज एकच मालकीण आहे. तेव्हा बव्हेरियाची विद्या बव्हेरियन हातांनी सेंट लुइसमध्ये चालते ती नक्कल, आणि बहुराष्ट्रीय कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ म्हणून म्युनिकमध्ये निघते ती अस्सल, ही विभागणी कशाच्या जोरावर करायची? पिनकोडच्या?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा अवघा महाराष्ट्र खवळला होता. मग जर्मनांची बिअर अमेरिकनांनी केली तर आपण टाळ्या का वाजवायच्या? कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून भौगोलिक मानांकन आहे. ‘ऑक्टोबरफेस्टबिअर’ या नावालाही युरोपीय संघाने 2022 मध्ये तसंच संरक्षण दिलं आहे. दोन्हीकडे न्याय सारखाच हवा.

न्याय सारखाच आहे. प्रकरणं वेगळी आहेत. प्राडावर राग होता तो दोन गोष्टींचा: चप्पल कुठली ते सांगितलं नाही, आणि जो चांभार ती हाताने शिवतो त्याच्या पदरात काही पडलं नाही. अमेरिकन छोटा ब्रुअर डब्यावर ठळक अक्षरांत ‘मेर्त्सन’ लिहितो, व्हिएन्ना आणि म्युनिकची नावं घेतो, माल्ट आणि हॉप पुष्कळदा जर्मनीतूनच मागवतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाने 2015 मध्ये आपली ऑक्टोबरफेस्ट बिअर आउग्सबुर्गच्या रीगेले या जुन्या ब्रुअरीबरोबर बसून केली; पुढच्या वर्षांत बाम्बेर्गची मार्स आली, 2018 मध्ये थेट वायनश्टेफान आली, जी स्वतःचा इतिहास 1040 पासून सांगते. जर्मन ब्रुअर ज्या टेबलाला आपण होऊन बसले, त्याला परस्पर चोरबाजार ठरवण्याचा अधिकार तिऱ्हाइताला कुणी दिला? संरक्षित नाव युरोपात म्युनिकच्या सहा जणांनी जरूर मिरवावं. नावाचा हक्क मान्य करूनही चवीचा वाद शिल्लक राहतोच.

बव्हेरियाच्या बिअर-शुद्धतेच्या कायद्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 1516 च्या त्या प्रसिद्ध फर्मानात जव, हॉप आणि पाणी एवढ्यालाच परवानगी होती, आणि चांगली मेर्त्सन पाडणारा ब्रुअर कुठल्याही देशात याहून जास्त काही घालत नाही, यीस्ट सोडून. यीस्ट त्या फर्मानाला ठाऊकच नव्हतं. पण त्याच फर्मानात बिअरचा भावही बांधून दिला होता: एका मापाला हिवाळ्यात एक फेनिग, उन्हाळ्यात फार तर दोन. म्युनिकच्या तंबूत लिटरभर बिअरला पंधराएक युरो मोजताना त्या कलमाची आठवण कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

म्युनिकवाल्यांचं तूर्त इतकं पुरे. तांबूस ग्लासाचे खरे कठोर शत्रू घरातच आहेत: क्राफ्ट बिअरचे शौकीन. मेर्त्सन ही लागरच, आणि त्यांचं म्हणणं असं की छोट्या ब्रुअरीने लागर पाडायचीच कशाला? लागर म्हणजे मोठ्या कंपन्यांची पिवळी, बर्फगार, बेचव बिअर. क्राफ्ट म्हणजे कडक हॉपची आयपीए, आंबट बिअर, फळं घातलेली बिअर. काहीतरी धाडस हवं. भारतात तर हा समज आणखी पक्का आहे, कारण इथे पिढ्यान्‌पिढ्या ‘बिअर’ म्हणजे बाटलीतली लागर, ती थंड असली की झालं. मायक्रोब्रुअऱ्या आल्या तेव्हा लोकांना त्यांचं अप्रूप वाटलं ते गव्हाच्या बिअरचं आणि एलचं. 2009 मध्ये पुण्यात निघालेल्या डूलालीचा ब्रुमास्टर जर्मन होता, ओलिव्हर शाउफ. नाव मात्र आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून इंग्रज सोजिरांच्या तोंडात रुळलेलं. तेव्हा मेर्त्सनच्या पाठीराख्यांना पुण्यातही तेच ऐकावं लागतं, जे बॉस्टनमध्ये ऐकावं लागतं: ‘लागर काय, कुठेही मिळते.’

मिळत नाही. लागर हे चवीचं नाव नव्हे, कृतीचं आहे. जर्मनमध्ये ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणं. मराठीत याला याहून नेमका शब्द आहे, मुरवणं. एल साधारण वीस अंशांना आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. मेर्त्सनचं यीस्ट दहा अंशांच्या आसपास हळूहळू काम करतं, आणि नंतर बिअर शून्याच्या जवळ सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, नुसती पडून राहते. मोठ्या कंपनीकडे टाक्यांचं रान असतं. छोट्याकडे असतात सहा किंवा आठ. एका टाकीत जून-जुलैत मेर्त्सन भरली की त्या टाकीतून निघू शकली असती ती आयपीएची दोन-तीन खेपांची विक्री गेली. भरात असलेल्या हंगामात, ऐन उन्हाळ्यात, रोख पैसा मुरत घालायचा. धाडस म्हणतात ते आणखी कशाला?

शिवाय लपायला जागा नाही. आयपीएत हॉपचा इतका भडिमार असतो की खालची बारीकसारीक चूक झाकली जाते. मेर्त्सनमध्ये कडवटपणा अगदी बेताचा. आंबवण थोडं घाईने उरकलं तर लोण्यासारखा वास येतो, टाकीत पुरेशी मुरली नाही तर गंधकाचा; आणि तो पहिल्या घोटालाच कळतो. साध्या वरणाला हिंग-फोडणीची आड नसली की डाळ कच्ची राहिलेली लगेच समजते, तसंच.

सगळा जीव असतो तो माल्टमध्ये. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करणाऱ्या घरांना ही कृती नव्याने सांगायला नको, जवाचंही तेच. फरक भाजण्यात. फिक्या बिअरसाठीचं माल्ट ऐंशीएक अंशांवर वाळवतात, म्युनिक माल्ट शंभरच्या घरात नेतात. तेवढ्या वीस अंशांत दाणा खरपूस होतो. जुन्या वळणाचे ब्रुअर त्यापुढे आणखी एक खटाटोप करतात: भिजवलेल्या माल्टचा एक तृतीयांश भाग वेगळा काढायचा, कढईत उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा. भांड्याचं तापमान वाढतं, रंग आणि खमंगपणा आणखी चढतो, आणि कामगाराचे दोन-तीन तास जास्त जातात. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला जॅक्स ॲबी ही ब्रुअरी 2011 पासून फक्त लागरच पाडते. तिथे ही उकळण्याची पद्धतही वापरतात. व्हर्मॉंटच्या स्टो गावातली फॉन ट्राप ब्रुअरीही अशीच लागरवाली. ‘साउंड ऑफ म्युझिक’ ज्यांच्यावर निघाला ते हेच ऑस्ट्रियन घराणं.

अशी बिअर समोर आली की करायचं एवढंच: घाई करू नये. सुरुवातीला ती फार थंड असते. नाकाला फक्त पावाच्या भट्टीवरून गेल्यासारखा वास येतो. दहा मिनिटं गप्पांत गेली की ग्लासाच्या काचेवरचं दव सुकतं आणि मग कडा जरा जास्त भाजलेल्या पावाची चव येते, मागे टोस्टची. जिभेवर ती गोड वाटते, पण गिळता गिळता कोरडी होते, तोंड स्वच्छ करून जाते. फेसाचं एक कडं प्रत्येक घोटागणिक ग्लासाला चिकटून राहतं. यात डोळे विस्फारण्यासारखं काही नाही, आणि नेमकी तीच तिची खुबी. सोबत खारट, जाड मीठ लावलेलं प्रेत्सेल असेल तर उत्तम. भाजलेलं चिकनही चालतं.

आता पुन्हा म्युनिकवाल्यांकडे वळू; त्यांच्या तक्रारीत तथ्य किती, हेही सांगून टाकायला हवं. कॅरॅमलचा आरोप सरसकट खोटा नाही. अमेरिकेत 1989 मध्ये सॅम्युएल ॲडम्सची ऑक्टोबरफेस्ट आली आणि तांबूस रंग म्हणजे शरद, हे गणित तिथल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलं. रंगाला भाव आला तसे कित्येकांनी आडमार्ग धरले. चांगल्या म्युनिक माल्टवर आणि उकळण्यावर कष्ट घेण्याऐवजी मूठभर कॅरॅमल माल्ट टाकलं की रंग लगेच येतो. या माल्टमधली साखर दाण्याच्या आतच पाकासारखी शिजवलेली असते. यीस्टला ती नीट खाता येत नाही, आणि घोट संपल्यावर टॉफी चघळल्यासारखी गोडी जिभेवर रेंगाळते. एका ग्लासातच कंटाळा येतो. अमेरिकन बिअर-परीक्षकांच्या नियमावलीतही मेर्त्सनमध्ये कॅरॅमलची चव दोष मानली आहे. 2015 च्या आवृत्तीत तर त्यांनी फेस्टबिअर आणि मेर्त्सन हे दोन स्वतंत्र वर्ग केले. नक्कल करणाऱ्या देशाने हा भेद कागदावर आणला, आणि म्युनिक पाहून आलेले अजून एकाच नावाखाली दोन्ही मोजतात, ही गंमतच.

म्युनिकच्या ब्रुअऱ्यांचंही पाहा. आपल्या तंबूत सोनेरी ओतणाऱ्या स्पाटेन, पाउलानर आणि हाकर-प्शोर यांनी अमेरिकेच्या बाजारात वर्षानुवर्षे तांबूस मेर्त्सनच धाडली. जत्रेत जिला रजा दिली तिला परदेशात पोटापाण्याला लावलं. ‘तिथे अशी नसते’ म्हणणाऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानातली ती बाटली उलटी करून लेबल वाचलं, तर म्युनिकचा पत्ता त्याच तांबूस बिअरवर छापलेला सापडेल.

एक तक्रार मात्र बिनतोड आहे, आणि तिला उत्तर नाही. अमेरिकन दुकानांत शरदाची बिअर ऑगस्टमध्येच मांडली जाते. कधी कधी तर शाळांच्या सुट्ट्याही संपलेल्या नसतात. आधी मांडील त्याची जागा पक्की, हा किराणा दुकानाचा कायदा. ब्रुअरही त्यापुढे हतबल. बाहेर पस्तीस अंश, अंगाला घाम आणि हातात भाजलेल्या पावाच्या चवीची बिअर. अशा वेळी डबा विकत घ्यावा, कारण सप्टेंबरअखेर तो मिळेलच याची खात्री नसते, आणि फ्रिजच्या तळाशी, भाजीच्या कप्प्यामागे ठेवून द्यावा. मुरत पडायची तिला सवय आहे.